तोंडओळख

"बाबा, हे तुमच्याच कंपनीत होते का हो?" नेहानं मोबाईल सासऱ्यांच्या पुढ्यात धरला.

ज्योतीरामांनी पोह्यांची बशी बाजूला सारून चष्मा खाली ओढला. पडद्यावर ज्ञानदेव ओव्हाळचा फोटो होता. खांद्यावर निळा पंचा, डोळे मिटलेले, माईक हनुवटीला टेकलेला. लोकगायक ज्ञानदेव ओव्हाळ यांचं अल्पशा आजारानं निधन झालं, रविवारी सकाळी दहा वाजता पिंपरीच्या विहारात पुण्यानुमोदन आणि आदरांजली सभा, असं खाली लिहिलं होतं. त्याखाली ठळक अक्षरांत आणखी एक ओळ होती : गाण्यासाठी पक्की नोकरी लाथाडणारा कलावंत.

"एकाच कंपनीत होतो," ज्योतीराम म्हणाले. "तोंडओळख होती."

ओट्यापाशी उभ्या असलेल्या सुमनताईंनी मान वळवली. "तोंडओळख काय? बंटीच्या बारशाला पाळणा कुणी म्हटला होता मग?"

"सुजितच्या बारशाला? ह्यांनी?" नेहानं फोटो पुन्हा नीट पाहिला.

"तेव्हा आमची चिंचवडला एवढीशी खोली. चाळीतल्या बायका दारापर्यंत दाटून बसलेल्या. महिन्यातनं चार वेळा तरी जेवायला असायचा हा माणूस आमच्याकडं." सुमनताईंनी गॅस बारीक केला. "मग गाणी चालायला लागली, मोठा झाला, आणि आमची वाट विसरला. जाऊ दे. गेलेल्या माणसाविषयी कशाला बोलायचं."

ज्योतीरामांनी बशी परत ओढली, पण चमचा उचलला नाही. 'मोठा झाला, विसरला' हे शब्द सुमनताईंचे नव्हते. एकतीस वर्षांपूर्वी ते त्यांनीच बायकोला सांगितले होते.

दोघांची ती कंपनी, चिंचवडची फाउंड्री, आता नाही. तिथं काचेची दुकानं आणि वर ऑफिसं आहेत. ज्योतीराम माण तालुक्यातून आले आणि तिथल्या टाईम ऑफिसात चिकटले, ते साठाव्या वर्षी निवृत्त होऊनच बाहेर पडले. गेटच्या डाव्या हाताला त्यांची खिडकी होती. खिडकीशेजारी घड्याळाचं यंत्र. कामगारानं त्यात आपलं कार्ड घातलं की त्यावर वेळ उमटायची. कोण किती मिनिटं उशिरा आला, कुणाची अर्धी पाळी धरायची, कुणाची रजा, कुणाचा खाडा, हे ज्योतीरामांचं काम. अक्षर सुरेख, स्वभाव भिडस्त. साहेब लोक त्यांना 'आपला ज्योतीराम' म्हणायचे, आणि त्या 'आपला'चं त्यांना बरं वाटायचं.

ज्ञानदेव एका सकाळी खिडकीपाशी आला तो कार्ड हातात धरून.

"साहेब, हा द्यानदेव ओवाळ कोण हाय? त्याला जरा बोलवा. दोन महिने झाले, मी त्याच्या नावावर राबतोय."

ज्योतीरामांनी कार्ड पाहिलं. आधीच्या क्लार्कनं नाव तसंच लिहिलं होतं. त्यांनी नवं कार्ड घेऊन, शाई नीट वाळू देऊन, 'ज्ञानदेव भिवा ओव्हाळ' असं लिहून दिलं. ज्ञानदेवानं ते लांब धरून बघितलं. "माझं नाव एवढं चांगलं दिसतंय हे मला माहीतच नव्हतं," तो म्हणाला.

तो परांड्याकडचा. कोअर शॉपमध्ये वाळूचे साचे करायचा. दिवसभर धूळ, धूर, यंत्रांचा धडधडाट. त्यातही त्याचा आवाज पार गेटपर्यंत यायचा. जेवणाच्या सुट्टीत तो गायला लागला की कॅन्टीनमधले लोक ताट हातात घेऊन बाहेर येत. हळूहळू तो ज्योतीरामांच्या खोलीवर येऊ लागला, कधी बायकोला, सरूला घेऊन. ज्योतीराम त्याला ज्ञानबा म्हणायचे, तो त्यांना टाईमसाहेब. एकदा गावाहून ज्योतीरामांचे वडील आलेले असताना तो आला. "ह्यो कुणाचा कोण?" असं वडिलांनी विचारलं, आणि उत्तर ऐकल्यावर पोटात दुखतंय म्हणून ते जेवायला बसलेच नाहीत. ज्ञानबाला कळायचं ते कळलं. तो निवांत जेवला, सुमनताईंना "आमटी झकास" म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यात वडिलांसाठी हिंगाष्टकाची पुडी घेऊन आला.

सुजितच्या बारशाला त्यानं जागच्या जागी पाळणा रचला.

निज माझ्या राजा, भोंगा झाला,
बाप तुझा रे पाळीला गेला.

चाळीतल्या बायका हसल्या आणि मग गप्प झाल्या. सुमनताईंनी पदर डोळ्यांना लावला होता.

त्याच्या दोन वर्षं आधीपासूनच त्याचे कार्यक्रम वाढत चालले होते. जयंतीच्या दिवसांत तर रोज कुठं ना कुठं. आदल्या संध्याकाळी सोलापूरकडं गायलेला माणूस सकाळी सातच्या पाळीला कसा पोचणार? सात-वीसला, साडेसातला पळत यायचा. एकदा अर्ध्या पाळीचे पैसे कापले गेले, तेव्हा ज्योतीरामांनाच वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी त्यांनी त्याचं कार्ड वेळेवर यंत्रात घातलं. स्वतः होऊन. ज्ञानबानं मागितलं नव्हतं. तो आला, कार्ड बघितलं, आणि खिडकीतून आत पाहत राहिला.

"हे नका करू साहेब. अंगाशी येईल."

"तू गा. इकडचं मी बघतो."

दोन वर्षं ते बघत राहिले.

एका दुपारी ज्ञानबाची दुसरी पाळी होती. निगडीत कार्यक्रम होता. चारपर्यंत आटोपून येतो म्हणाला होता. कार्यक्रम लांबला. साडेपाचला कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर गाडीतून निगडीच्या चौकात अडकले. समोर स्टेज, स्टेजवर ज्ञानदेव ओव्हाळ. साहेबांनी काच खाली करून अख्खं गाणं ऐकलं. मग कंपनीत येऊन कार्ड मागवलं. कार्डावर वेळ होती तीन अठ्ठावन्न.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. साहेबांनी विचारलं, "ज्योतीराम, हे कार्ड कुणी मारलं?"

सुजित चार महिन्यांचा होता. गावाकडं बहिणीचं लग्न ठरलेलं. ज्योतीरामांनी कार्डाकडं पाहिलं. ते म्हणाले, "माहीत नाही साहेब. पाळी सुटायच्या वेळेला खिडकीवर गर्दी असते."

"म्हणजे ह्यानंच कुणाला तरी सांगून मारून घेतलं."

"असेल साहेब."

ज्ञानबा समोरच बसला होता. त्यानं ज्योतीरामांकडं पाहिलं, अगदी थोडा वेळ. मग साहेबांकडं वळून म्हणाला, "व्हय. मी मारून घेतलं. नाव सांगणार न्हाई."

"नाव सांगितलंस तर तुझं निभावेल. नाहीतर घरी जावं लागेल."

"कळलं साहेब."

बडतर्फीचं पत्र टाईप करायचं काम ज्योतीरामांकडंच आलं. सहीसाठी ज्ञानबा खिडकीपाशी आला, तेव्हा त्यांनी कागद आणि पेन पुढं सरकवलं आणि नजर खाली ठेवली. ज्ञानबानं कागद वाचला. "नाव बरोबर लिव्हलंय," तो म्हणाला. सही केली. मग पेन परत देत म्हणाला, "घरी येत जावा साहेब. सरू इचारत असती."

ज्योतीरामांनी मान हलवली.

ते गेले नाहीत. पहिल्या महिन्यात लाज वाटत होती. मग वाटलं, जरा दिवस जाऊ देत. मग वर्ष झालं, आणि वर्षानंतर कुठल्या तोंडानं जायचं? सुमनताईंनी एकदा विचारलं, "ज्ञानबा भाऊजी हल्ली येत नाहीत?" तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपरामागूनच म्हणाले, "नोकरी सोडली त्यानं. मोठा झाला आता. आपल्याकडं कशाला येईल?"

ज्ञानबा खरोखरच मोठा झाला. कॅसेटी निघाल्या, पुढं मोबाईलवर गाणी आली. प्रत्येक मुलाखतीत तो सांगायचा, की साहेब म्हणाला गाणं की नोकरी, तर मी म्हटलं ही घ्या तुमची नोकरी. ज्योतीराम ते ऐकायचे. काळेवाडी, देहूरोड, चाकण, जिथं कार्यक्रम असेल तिथं ते घरी काहीतरी कारण सांगून जायचे आणि पार मागं उभे राहायचे. शेवटचं ऐकलं ते निघोज्याच्या मैदानात, मागच्या हिवाळ्यात. कंपन्यांतली पोरं गणवेशावरच आलेली होती. ज्ञानबाचा आवाज फाटत होता, पण पोरं हलत नव्हती.

रविवारी सकाळी ज्योतीरामांनी पांढरा सदरा घातला. सुमनताईंनी विचारलं, "मी येऊ?"

"गर्दी असेल. तू कशाला."

विहाराचं सभागृह भरलं होतं, माणसं बाहेरच्या मांडवापर्यंत. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका, मफलर बांधलेले म्हातारे, मोबाईल उंच धरलेली तरुण मुलं. समोर फोटो, फुलं, मेणबत्त्या. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत सरूबाई बसल्या होत्या. केस सगळे पिकलेले. ज्योतीरामांनी त्यांना ओळखलं ते बसण्यावरून. मांडी घालून ताठ, हात गुडघ्यांवर, चिंचवडच्या खोलीत बसायच्या तशाच. शेजारी मुलगी अंजली होती.

त्रिशरण, पंचशील झालं. भाषणं सुरू झाली. ज्ञानबाच्या पार्टीतले ढोलकीवाले सोपानराव सूत्रसंचालन करत होते. सत्तरीचा माणूस, पण आवाज खणखणीत.

"दादांच्या समोर साहेबानं कागद ठेवला," ते सांगत होते. "म्हणाला, ओव्हाळ, एक काय ते ठरव. दादांनी राजीनामा लिहिला, टेबलावर आपटला, आणि गात गात गेटच्या बाहेर पडले. अशी होती ती माती."

टाळ्या झाल्या. शेवटी सोपानराव म्हणाले, "दादांच्या कंपनीतलं कुणी इथं असेल तर त्यांनी दोन शब्द बोलावेत."

ज्योतीराम उठून उभे राहिले. आपण उभे आहोत हे त्यांना शेजारच्या माणसानं वाट करून दिली तेव्हा कळलं. माईक हातात आला.

"मी ज्योतीराम शिर्के. टाईम ऑफिसात होतो." त्यांनी माईक तोंडाजवळ धरला. "ज्ञानबानं राजीनामा दिला नव्हता. त्याला काढलं होतं."

सभागृहात चुळबुळ झाली. पुढं बसलेला एक तरुण मोबाईल खाली घेऊन मागं वळला.

"त्याचं कार्ड मी मारायचो. त्यानं सांगितलं नव्हतं, मीच मारायचो. पकडलं गेलं तेव्हा साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, मला माहीत नाही. त्याला विचारलं. त्यानं माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर त्याची नोकरी राहिली असती, माझी गेली असती."

सोपानराव पुढं झाले आणि हळू म्हणाले, "काका, लई जण बोलायचे बाकी आहेत. आणि आजच्या दिवशी हे असलं..."

"बोलू द्या त्यास्नी," पहिल्या रांगेतून सरूबाई म्हणाल्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नव्हतं.

सोपानराव बाजूला झाले. ज्योतीरामांकडं खरं तर आता सांगायला काही उरलं नव्हतं. "मी बावीस वर्षं आणखी नोकरी केली," ते म्हणाले. "रावेतला फ्लॅट घेतला. मुलगा शिकला. एवढंच."

टाळ्या वाजल्या नाहीत. त्यांनी माईक दिला आणि ते जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. पुढचा वक्ता उठला, एका मंडळाचा अध्यक्ष. त्यानं कागद उघडला आणि वाचायला सुरुवात केली : "गाण्यासाठी पक्क्या नोकरीला लाथ मारणारे आपले दादा..." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सभा संपल्यावर मांडवात जेवणाच्या पंगती बसू लागल्या. ज्योतीराम चपला शोधत होते. तेवढ्यात अंजली आली. "काका, आई बोलावतीय."

सरूबाई सभागृहातच होत्या, फोटोसमोरच्या सतरंजीवर. त्यांनी हातानं बसायची खूण केली. ज्योतीराम बसले. गुडघे दुखत होते, तरी खालीच बसले.

"मला म्हाईत व्हतं," सरूबाई म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगितलं मला. म्हणाले, टाईमसाहेबाचं लेकरू चार महिन्यांचं हाय, आपल्याला निदान गळा तरी हाय."

"वहिनी, मी..."

"मला राग आला व्हता. ह्यांचाबी आणि तुमचाबी. अंजली पोटात व्हती माझ्या. दोन वर्सं मी लोकांची धुणीभांडी केली. पण ते झालं, त्याचं आता काय न्हाई." त्यांनी फोटोकडं पाहिलं. "तुमची सुट्टी गुरवारची असायची ना?"

"हो. एमआयडीसीला गुरुवार."

"वरीसभर ह्यांनी गुरवारचा दुपारचा कार्यक्रम घेतला न्हाई. एकबी न्हाई. सोपानभाऊ भांडायचे. हे म्हणायचे, गुरवारी मला घरी काम असतं. काम कसलं, दारात खुर्ची टाकून बसायचे. मी चहाला दूध राखून ठेवायची. संध्याकाळी मग आमीच पियाचो तो."

ज्योतीरामांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले.

"मी कार्यक्रमाला यायचो," ते म्हणाले. "पुष्कळदा आलो."

"तेबी म्हाईत हाय. स्टेजवरनं सगळं दिसतं. घरी आले की सांगायचे, आज आले व्हते टाईमसाहेब. पार मागं, खांबापाशी. निघोज्यावरनं आले तवा म्हणाले, साहेब लई वाळलेत."

"मग हाक का नाही मारली त्यानं?"

सरूबाईंनी प्रथमच त्यांच्याकडं नीट पाहिलं. "मीबी हेच इचारायची. म्हणायचे, माणसाला वढून आणायचं न्हाई, त्याचं त्याला येऊ द्यायचं." त्यांनी पदर सारखा केला. "ती राजीनाम्याची गोष्टबी त्यांनी तुमच्यासाठीच काढली, भाऊजी. लोक इचारायचेच की, कसं काढलं, कुणी कार्ड मारलं. मग म्हणाले, मीच सोडली म्हणून सांगतो, म्हंजे कुणी खोदत बसायचं न्हाई. पुढं पुढं त्यांनाबी ती खरी वाटायला लागली असंल. रंगवून सांगायचे." त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं आणि गेलं.

बाहेरून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्या जमिनीला हात टेकून उठल्या. ज्योतीरामही उठले. त्यांनी हात जोडले. सरूबाई म्हणाल्या, "जेवून जावा," आणि माणसांत मिसळून गेल्या.

ते जेवले. वाढणाऱ्या मुलानं "काका, अजून भात?" असं विचारलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली, आणि वाढलेला सगळा संपवला.

घरी आले तेव्हा नेहा माहेरी गेली होती, सुजित चाकणला पाळीवर होता. सुमनताई एकट्याच लसूण सोलत बसल्या होत्या. ज्योतीराम समोर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या कार्डापासून. पेपरामागून बोललेलं ते वाक्यसुद्धा. लसणाच्या पाकळ्या सुमनताईंच्या बोटांत तशाच राहिल्या.

सांगून झालं, तेव्हा सुमनताईंनी हातातल्या पाकळ्या खाली ठेवल्या.

"चिंचवडच्या मंडईत भेटले होते ज्ञानबा भाऊजी मला," सुमनताई म्हणाल्या. "बंटी तेव्हा तिसरीत होता. हातात मेथीची जुडी होती त्यांच्या. मला बघून थांबले. वहिनी म्हणाले. बंटीच्या डोक्यावर हात ठेवायला वाकले. मी बंटीचा हात ओढला आणि तोंड फिरवून निघून आले. म्हटलं, एवढा मोठा झालाय तर आता कशाला ओळख दाखवतो. मागं वळूनसुद्धा नाही बघितलं मी."

"सुमन."

"तुमच्यामुळं बघितलं नाही."

त्या उठल्या. हात धुतले. आत जाऊन कपाटातली मोतिया रंगाची साडी काढली. ज्योतीराम दारात जाऊन उभे राहिले.

"कुठं निघालीस?"

"सरूबाईंकडं. पत्ता सांगा."

"अगं, आज दमल्या असतील त्या. उद्या जाऊ. मी येतो बरोबर."

"तुम्ही नका येऊ," सुमनताई निऱ्या घालत म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "तुमचं तुम्ही बोलून आलात. मला माझं बोलायचंय."

पिंपरीचा, इतकी वर्षं पाठ असलेला पत्ता त्यांनी सांगितला. तो सुमनताईंनी गॅसच्या पावतीच्या मागं लिहून घेतला, दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला. दार लागलं. लिफ्ट खाली गेल्याचा आवाज आला.

ज्योतीराम गॅलरीत आले. सहाव्या मजल्यावरून सोसायटीचं गेट आणि पलीकडचा बसथांबा दिसत होता. सुमनताई गेटबाहेर पडल्या आणि आधी उलट्या बाजूला वळल्या. भाजीबाजारापलीकडं त्या कधी एकट्या गेल्या नव्हत्या. चार पावलं जाऊन त्या थांबल्या. वॉचमनला काहीतरी विचारलं. त्यानं हात लांब करून दाखवलं. मग रस्ता ओलांडायला त्या दुभाजकापाशी उभ्या राहिल्या, दोन डंपर गेले, एक कंपनीची बस गेली, तरी त्यांचा पाय पुढं पडेना. ज्योतीरामांनी कठडा धरला. शेवटी एका मुलीनं गाडी थांबवून त्यांना जाऊ दिलं.

थांब्यावर पोचल्यावर सुमनताईंनी पदरानं तोंड पुसलं आणि साडी सारखी केली. पिंपरीची बस आली तेव्हा त्या लोकांच्या मागं न राहता पुढं झाल्या, पाटी वाचली, कंडक्टरला विचारून खात्री केली आणि दांडी धरून चढल्या. खिडकीपाशी त्यांना जागा मिळाली असावी. मोतिया रंग थोडा वेळ दिसला, आणि मग बस वळली.